ऐकण्याआधी विचारावे

रविवारी सकाळी आमच्या घरी टेक्सासहून फोन येतो. माझी सासुरवाडी धारवाडची. सौ.चा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त बरीच वर्षे तिकडे आहे. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि सगळ्यांनी पाळीपाळीने त्याच्यासमोर यायचे असा रिवाजच पडून गेला आहे. आमची आई त्याच्याशी तिच्या मराठी वळणाच्या कन्नडमध्ये बोलते आणि तो तिला कन्नड वळणाच्या मराठीत उत्तर देतो. सीमाभागातल्या घरांत यात नवल काही नाही.

गेल्या वर्षी जूनमधल्या एका रविवारी असेच बोलणे चालले असताना त्याच्या मागून खरखर ऐकू आली आणि पाठोपाठ एक सपाट आवाज काहीतरी वाचून दाखवू लागला. अकरावीत गेलेल्या आमच्या चिरंजीवांचे कान टवकारले.

"मामा, मागे कोण बोलतंय?"

मामाने टेबलावरची एक काळी वस्तू उचलून दाखवली. मुठीत मावेल एवढी, वर बोटभर अँटेना, पुढे आकड्यांची बटणे. "हा स्कॅनर. वादळाची सूचना ऐकत होतो."

"स्कॅनर?" आमची सौ. आतून म्हणाली, "प्रिंटरला आहे की एक घरात!"

"तो कागद वाचतो अक्का, हा हवा वाचतो." मामा हसला आणि जाता जाता बोलून गेला, "दिवाळीला येतोय. येताना एक आणू काय रे तुला?"

झाले! चिरंजीव दिवसभर जमिनीवर नव्हते. पोलीस काय बोलतात ते ऐकू येईल, सांबऱ्याला विमान उतरताना ऐकू येईल, अशी त्याची यादी वाढत चालली. मी गप्प होतो आणि माझे गप्प बसणे म्हणजे होकार असा अर्थ घरात नेहमीच लावला जातो. शेवटी सौ. म्हणाली, "मोदलु केळ्री."

आमच्या वाचकांना हे समजावून सांगायला नकोच. कन्नडमध्ये 'केळु' म्हणजे ऐकणे आणि 'केळु' म्हणजेच विचारणे. तिला म्हणायचे होते, हे आपल्याकडे चालते का ते आधी कुणाला तरी विचारा. चिरंजीवांनी सोयीचा अर्थ घेतला. "बघा बाबा, आईच म्हणते, आधी ऐका!"

मी भूगोलाचा माणूस, इलेक्ट्रॉनिक्सचा नव्हे. पण त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत या विषयात जे विचारले, वाचले आणि स्वतः करून पाहिले, ते इतर घरांनाही उपयोगी पडेल असे वाटले म्हणून हा लेख.

स्कॅनर म्हणजे काय?

आपण साधा रेडिओ लावतो तेव्हा एक केंद्र पकडतो आणि तिथेच थांबतो. स्कॅनर थांबत नाही. गल्लीतला गुरखा रात्री जसा एकेका दुकानाचे कुलूप हलवून पुढे जातो, तसा तो आपण नेमून दिलेल्या कंप्रतांवरून, म्हणजे फ्रिक्वेन्सींवरून, एका सेकंदात अनेक ठिकाणी डोकावत फिरतो. जिथे कुणी बोलत असेल तिथे थांबतो, बोलणे संपले की पुन्हा चालू लागतो.

कुणी बोलते आहे की नाही हे त्याला कळते कसे? त्यासाठी 'स्क्वेल्च' नावाची सोय असते. ही एक प्रकारची उंबऱ्याची पातळी आहे. लहर त्या उंबऱ्याच्या वर आली तरच आवाजाचे दार उघडते, नाहीतर यंत्र मुके राहते. उंबरा फार खाली ठेवला तर नुसती खरखर ऐकत बसावे लागते, फार वर ठेवला तर दुर्बळ आवाज बाहेरच राहतात. म्हणून आधी खरखर ऐकू येईपर्यंत खाली आणायचा आणि ती जेमतेम थांबेल इतकाच वर न्यायचा, अशी रीत आहे. सतत त्रास देणारी एखादी जागा वगळण्यासाठी 'लॉकआउट' असते आणि महत्त्वाची जागा पुन्हा पुन्हा तपासण्यासाठी 'प्रायॉरिटी'.

अमेरिकेत या यंत्राला मोठी परंपरा आहे. तिथे हवामान खात्याचे रेडिओ प्रक्षेपण १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात सात जागांवर चालते आणि मामा त्या दिवशी तेच ऐकत होता. अग्निशमन दल, पोलीस, विमाने यांचे बोलणे ऐकणारे हौशी लोकही तिथे पुष्कळ. पण तिथेही सगळे मोकळे नाही. दुसऱ्याचे मोबाइलवरचे बोलणे ऐकायला १९८६ च्या कायद्याने बंदी आली आणि १९९४ पासून मोबाइलच्या त्या वेळच्या पट्ट्यावर चालणारे स्कॅनर बनवणे व विकणेही बंद झाले. शिवाय अनेक शहरांच्या पोलिसांनी आता आपले बोलणे सांकेतिक करून टाकले आहे. साधा स्कॅनर तिथे थांबतो खरा, पण ऐकू येते ती नुसती घरघर. पोलिसांचे ऐकू येईल म्हणून यंत्र घेणाऱ्याची तिथेही निराशाच होण्याचा संभव जास्त.

आपल्याकडे चालतो का?

आमच्या वडिलांच्या कपाटात रेडिओच्या परवान्याचे छोटे पुस्तक अजून आहे. त्या काळी घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात दरवर्षी शुल्क भरून त्यावर शिक्का घ्यावा लागे. ऐंशीच्या दशकात ती पद्धत बंद झाली. आकाशवाणी, एफ. एम. केंद्रे यांचे कार्यक्रम ऐकण्याच्या साध्या रेडिओला आज परवाना लागत नाही. सर्वांनी ऐकावे म्हणूनच ते प्रक्षेपण असते.

स्कॅनरचे तसे नाही. त्यावर जे ऐकू येते ते दोघांमधले बोलणे असते, तुमच्या-आमच्यासाठी केलेले प्रक्षेपण नव्हे. आपल्याकडे १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांवर इतकी वर्षे सगळे चालले. त्यांची जागा घ्यायला २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि त्यातली बरीच कलमे जून २०२४ पासून लागू झाली. दुसऱ्याचा संदेश बेकायदा टिपण्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ज्या रेडिओ उपकरणाला परवान्यातून सूट नाही ते नुसते जवळ बाळगणेही दंडाला पात्र आहे. परदेशातून असे यंत्र आणायचे तर आयातीचे नियम वेगळेच. मामाने कपड्यांच्या बॅगेत टाकून आणले म्हणून ते नियम बाजूला होत नाहीत.

आणि आपले गाव कोणते? एका अंगाला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, दुसऱ्या अंगाला सांबऱ्याचा विमानतळ आणि हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र. अशा गावात गच्चीवर अँटेना काढून बसलेल्या पोराला कुणी हटकले, तर "मी हौस म्हणून ऐकत होतो" हे उत्तर किती पुरेल याचा विचार आई-बापांनीच करायला हवा.

ऑनलाइन बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या वॉकीटॉकीबद्दलही हेच. त्या नुसत्या ऐकत नाहीत, बोलतातही. अशा संचांच्या बेकायदा विक्रीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा दिल्या आणि नियमावलीही काढली. अल्प शक्तीच्या काही वॉकीटॉकींना ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात परवान्यातून सूट आहे, पण बाजारात दिसणारा प्रत्येक संच त्यात बसतो असे नाही. वस्तू दुकानात मिळते म्हणजे ती वापरायला परवानगी आहे, ही समजूत आधी डोक्यातून काढून टाकावी.

हे सगळे समजावून सांगितल्यावर चिरंजीवांचा चेहरा उतरला. मामाला फोन करून "आणू नको" असे मीच सांगितले. त्याने वाईट वाटून घेतले नाही, पण घरात दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला आणि विषयाला वेगळेच वळण लागले.

काकांचा दोन सेलचा रेडिओ

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. चिक्कोडी तालुक्यात कृष्णेच्या काठाला त्यांचे गाव. फोनवर त्यांचे गाऱ्हाणे एवढेच होते, की त्यांचा जुना ट्रान्झिस्टर अखेर बंद पडला आणि दुरुस्त करणारा कुणी मिळत नाही. "पावसाळा तोंडावर आला बघ," ते म्हणाले, "आणि घरात रेडिओ न्हाई."

त्यांना रेडिओ का हवा हे मला चांगले ठाऊक होते. ऑगस्ट २०१९ चा महापूर आपल्या भागात कोण विसरेल? कोल्हापूर, सांगली पाण्यात होती, पुणे-बेंगळूर महामार्ग दिवसचे दिवस बंद होता, चिक्कोडी, गोकाक, रामदुर्ग, जिकडे तिकडे पाणी. मावशीच्या गावात वीज गेली, पाठोपाठ मोबाइलचे मनोरे गेले. चार दिवस आमचा त्यांच्याशी काही संपर्क नव्हता. माझी आई देवासमोर बसून होती. आमच्या नातेवाइकांच्या मोबाइल ग्रुपवर कुणीतरी धरण फुटल्याची अफवा टाकून दिली आणि ते खरे की खोटे हे सांगायला कुणी नव्हते.

पुढे कळले ते असे. काकांच्या घरी तो दोन सेलचा ट्रान्झिस्टर चालू होता. संध्याकाळी ते आधी मराठी बातम्या लावत, मग कन्नड. हे वेड नव्हते, हिशेब होता. कोयनेतून किती पाणी सोडले हे कळते मराठी बातम्यांत. आलमट्टीतून किती पाणी पुढे जाते हे कळते कन्नड बातम्यांत. कोयनेचे पाणी कराडला कृष्णेत येते, सांगलीवरून, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा पोटात घेऊन, राजापूरच्या बंधाऱ्यावरून आपल्या हद्दीत उतरते. खाली आलमट्टीचे दार. वरून येणारे पाणी एका भाषेत आणि खाली जाणारे पाणी दुसऱ्या भाषेत, आणि मधे त्यांचे गाव. ज्याला एकच भाषा कळते त्याला अर्धाच पूर कळतो.

वरचे पाणी आपल्या वेशीला किती वेळाने लागते हे काकांना चाळीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होते. बातम्या ऐकून त्यांनी शेजाऱ्यांना सांगितले, "आज रातीतच जनावरं माळावर घ्या." सकाळी गोठ्यात गुडघाभर पाणी होते आणि जनावरे माळावर. त्या गल्लीतले एकही जनावर वाहून गेले नाही.

आता सरकार मोबाइलवर मोठ्या आवाजाचा इशारा पाठवते, त्याच्या देशभर चाचण्या २०२३ मध्ये झाल्या. चांगलीच सोय आहे ती. पण मनोरा बंद आणि मोबाइलची बॅटरी संपलेली असेल तर तो इशारा पोचायचा कसा? रेडिओला गावात मनोरा लागत नाही. प्रक्षेपण शंभर किलोमीटरवरून आले तरी त्याला पुरते.

मी फोन ठेवला आणि चिरंजीवांना म्हटले, "तुला हवा वाचायची होती ना? काकाआजोबांसाठी रेडिओ निवड. नुसता रंग बघून नाही, नीट अभ्यास करून." आश्चर्य म्हणजे तो तयार झाला. पुढचे सगळे शिक्षण आम्हा बापलेकांचे एकत्रच झाले.

निवडताना

हातात मावणाऱ्या नव्या डिजिटल रेडिओंतही शोध घेणारा 'स्कॅन' असतोच. तो फिरतो ते फक्त सार्वजनिक प्रक्षेपणाच्या पट्ट्यांवरून, एवढाच फरक. असा रेडिओ घेताना आम्ही पुढील गोष्टी पाहिल्या.

पहिली गोष्ट पट्टे. एफ. एम. (८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ) प्रत्येकात असतो आणि दुकानदार तेवढ्यावरच समाधान मानायला सांगतो. पण एफ. एम. ची लहर साधारण सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की अडते. मध्यम लहर, म्हणजे मीडियम वेव्ह, जमिनीला धरून लांबवर जाते. नदीकाठच्या गावाला मध्यम लहर हवीच. लघु लहर ही हौसेची बाब. बीबीसीची हिंदी सेवा लघु लहरीवरून ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली, तशा इतरही कितीतरी सेवा थांबल्या आहेत. आवड असेल तरच त्यासाठी जादा पैसे मोजावेत. काही संचांवर विमानांचा पट्टाही दिलेला असतो. वर सांगितलेल्या कारणांमुळे आम्ही तसा संच टाळला.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते आणि तिने आम्हालाही फसवले. आपल्याकडे मध्यम लहरीवरची केंद्रे ५३१ पासून १६०२ किलोहर्ट्झपर्यंत नऊ-नऊच्या अंतरावर असतात. अमेरिकेत हे अंतर दहाचे. परदेशी बनावटीच्या रेडिओवर नऊ की दहा हे निवडायची सोय असावी लागते. वडील धारवाड केंद्र लावायचे ते ७६५ वर. दहाच्या पायऱ्यांनी चालणारा रेडिओ ७६० वर जातो, नाहीतर ७७० वर. ७६५ त्याला सापडणारच नाही. पहिल्या रात्री आमच्या नव्या रेडिओला एकही केंद्र धड लागेना. चिरंजीव म्हणाले, "बाबा, पीस खराब आहे, परत करू या." परत करायचे म्हणून खोक्यात भरताना माहितीपत्रक चाळले तर पायरी दहावर होती. एक बटण दाबून धरले आणि सगळे जागच्या जागी आले.

तिसरी गोष्ट सेल. लिथियम बॅटरीचे रेडिओ दिसायला छान, पण त्यांना चार्जर लागतो आणि चार्जरला वीज. पुरात वीजच नसते. खेड्यातल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या साध्या पेन्सिल सेलवर चालेल असाच रेडिओ अशा घरी द्यावा. हँडल फिरवून चालणारे रेडिओही मिळतात, पण मिनिटभर फिरवून फार वेळ वाजत नाहीत. जोडीला म्हणून ठीक.

चौथी गोष्ट वापरणारा माणूस. चिरंजीवांना शंभर बटणांचा हवा होता. काकांचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना मोठे आकडे, पडद्यावर उजेड, आवाजाचे वेगळे चाक आणि आकड्यांच्या बटणांवर केंद्र साठवायची सोय हवी. बटणे चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून कुलूप हवे. टेकसनसारख्या कंपन्यांच्या काही संचांत एक बटण दाबले की त्या जागी लागणारी सगळी केंद्रे शोधून रेडिओ स्वतःच ओळीने साठवून ठेवतो. गाव बदलले की पुन्हा शोधायला लावायचे. ही सोय फार उपयोगाची.

पाचवी गोष्ट, दुकानात पारख करताना सिमेंट-लोखंडाच्या इमारतीत आत उभे राहून रेडिओ नापास करू नये. दुकानदाराला सांगून रस्त्यावर यावे. आमच्या खडेबाजारातल्या दुकानदाराने रेडिओ हातात देऊन म्हटले, "जा सर, बाहेर फिरवून आणा." अशा दुकानातून घ्यावा. ऑनलाइन घ्यायचा झाल्यास परत करण्याची मुदत आधी वाचावी.

वापरताना

रेडिओ घेऊन आम्ही जुलैत काकांकडे गेलो. पहिल्याच संध्याकाळी घरात बसून लावला तर नुसती करकर. काका म्हणाले, "माझा जुना बरा होता." चिरंजीवांनी मग एकेक वस्तू बंद करायला सुरुवात केली. मोबाइलचा चार्जर काढला, थोडी करकर कमी झाली. नवा स्वस्तातला एलईडी बल्ब मालवला आणि बातम्या लख्ख ऐकू आल्या. असे बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीचा डबा या सगळ्यांतून बारीक विद्युत गोंगाट निघत असतो आणि मध्यम लहरीला तो फार बाधतो. पुरात वीज गेली की हा गोंगाटही जातो. म्हणजे अडचणीच्या वेळी रेडिओ उलट जास्त स्वच्छ चालतो.

दुसरा धडा दिशेचा. मध्यम लहरीसाठी वरची चकचकीत अँटेना कामाची नसते. रेडिओच्या पोटात फेराइटचा एक आडवा दांडा असतो, तोच लहर पकडतो. दांड्याचे टोक केंद्राच्या दिशेला आले की आवाज बसतो, दांडा त्या दिशेला आडवा आला की उठतो. म्हणून अँटेना ओढत बसण्यापेक्षा अख्खा रेडिओच हळूहळू गोल फिरवून पाहावा. एफ. एम. साठी मात्र अँटेना पूर्ण उघडावी, उंचावर किंवा खिडकीत जावे.

तिसरा धडा रात्रीचा, आणि इथे माझा भूगोल उपयोगी पडला. दिवसा सूर्याच्या उन्हाने साधारण साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर विद्युतभारित कणांचा एक थर तयार होतो. वर जाणारी मध्यम लहर त्यात जिरते, त्यामुळे दिवसा फक्त जमिनीला धरून येणारी, जवळची केंद्रे लागतात. सूर्य मावळला की तो थर विरून जातो. लहर आणखी वर, दोनशे-तीनशे किलोमीटरवरच्या थराला आपटून खाली परत येते. म्हणून रात्री शेकडो किलोमीटरवरची केंद्रे ऐकू येतात आणि कधी एकमेकांत मिसळतात. दिवसाची यादी आणि रात्रीची यादी म्हणूनच वेगळी करावी.

कोणते केंद्र कुठे लागते ही यादी मी मुद्दामच देत नाही. आकाशवाणी गेल्या काही वर्षांत आपले जुने मध्यम लहरीचे प्रक्षेपक बंद करत आली आहे, त्यामुळे जुन्या वहीतले आकडे आज उपयोगी पडतीलच असे नाही. प्रत्येकाने आपल्या अंगणात बसून आपली यादी करावी आणि दर पावसाळ्याच्या आधी ती तपासावी. आम्ही तीन दिवस सकाळ, दुपार, रात्र वही घेऊन बसलो. तारीख, वेळ, आकडा, भाषा, आवाज कसा. मग आठ बटणांवर आठ जागा साठवल्या आणि एका पुठ्ठ्यावर दोन रकाने करून भिंतीला लावल्या, डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. शेजारी बातम्यांच्या वेळा. कन्नड रकाना मावशीने लिहिला, तिचे अक्षर चांगले.

आणखी एक. महिनाभर रेडिओ लावायचा नसेल तर सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून आतली पट्टी खातात. काकांचा जुना ट्रान्झिस्टर उघडला तेव्हा त्याचे मरण याच कारणाने आले होते असे दिसले.

मुलाच्या हौसेचे काय?

"ऐकायचे नाही" एवढेच सांगून कोवळ्या वयाची हौस मरत नाही, ती चोरवाटेने जाते. तिला सरळ वाट दाखवली पाहिजे. ती वाट आहे हौशी रेडिओची, म्हणजे हॅम रेडिओची. बारा वर्षे पूर्ण झालेला कुणीही दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हा परवाना मिळवू शकतो. परीक्षेत रेडिओचे शास्त्र आणि नियम असतात. वरच्या श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्सची कट्ट-कडकट्टही यावी लागते, खालच्या श्रेणीला ती लागत नाही. परवानाधारकाला स्वतःचे बोलावण्याचे चिन्ह मिळते, आपल्याकडे वरच्या श्रेणीचे व्हीयू२ ने आणि खालच्या श्रेणीचे व्हीयू३ ने सुरू होणारे.

यात नुसती मौज नाही. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या गटासह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, त्या हौसेपोटीच. अंदमानातून जगभरच्या हौशी लोकांशी बोलायचे, एवढाच बेत होता. २६ तारखेला त्सुनामी आली आणि बेटांचे दळणवळण कोलमडले. त्यांनी हौस बाजूला ठेवली आणि तोच संच घेऊन माणसांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवायला सुरुवात केली. परवाना होता, सराव होता, म्हणून ते करता आले.

चिरंजीवांनी ही हकीकत वाचली आणि पुस्तक मागितले. त्याला एक आमिषही आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आपल्या डोक्यावरून चारशे किलोमीटर उंचीने जाते आणि त्यावरचा हौशी रेडिओ १४५.८०० मेगाहर्ट्झवर ऐकू येतो. एका फेरीत जेमतेम दहा मिनिटे. परवाना हातात आला की पहिले तेच ऐकायचे, असे त्याने ठरवले आहे. आईने विचारले, "परीक्षेआधी नाही ना रे ऐकणार?" तो म्हणाला, "नाही. मोदलु केळबेकु." या वेळी अर्थ त्याने तिच्यासारखाच घेतला होता.

दिवाळीत मामा आला. स्कॅनर आणला नाही. त्याने आणले पुन्हा भरता येणाऱ्या सेलचे एक पाकीट आणि त्यांचा चार्जर. ते आम्ही काकांना देऊन आलो.

परवा संध्याकाळी सातच्या सुमारास काकांचा फोन आला. मी उचलला तर म्हणाले, "तू नको, पोराला दे."

"काय झालं आजोबा?"

"तीन नंबरचं बटण करकरतंय."

"घरात नवा बल्ब लावलाय काय?"

"व्हय की. कालच आणला."

"तो मालवा आणि रेडिओ जरा फिरवून बघा."

पलीकडे काठी टेकत जाण्याचा आवाज आला, बटण पडल्याचा आला. मग काका काही बोललेच नाहीत. फोन तसाच चालू राहिला आणि त्यातून आम्हा सगळ्यांना आधी मराठी आणि थोड्या वेळाने कन्नड बातम्या ऐकू आल्या.